आंबटाने झिजलेले दात : उपचार कोणते, काळजी कोणती?

चिंच, कैरी किंवा आवळे जास्त खाल्ले की दात आंबतात. मग जेवताना भाकरीचा तुकडासुद्धा नीट चावता येत नाही. हा अनुभव आपण सर्वांनीच लहानपणी घेतलेला आहे. एक-दोन दिवसांत दात पूर्ववत होतात आणि आपण ती गोष्ट विसरून जातो. पण आम्लाचा दातांवर परिणाम होतो, याची ती एक सूचनाच असते. वर्षातून चार दिवस कैऱ्या खाणाऱ्याचे त्यात फारसे काही बिघडत नाही. रोज, दिवसभर, घोट घोट आंबट पेय पिणाऱ्याचे दात मात्र हळूहळू झिजत जातात. झिजून गेलेला तो थर पुन्हा कधीही येत नाही. आजच्या लेखात ही झीज, तिच्यावरचे उपचार आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती थांबवण्याचे मार्ग यांची माहिती घेऊ.

काही महिन्यांपूर्वी एक चोवीस वर्षांचा तरुण दवाखान्यात आला. कापडाच्या दुकानात नोकरीला. त्याच्या वडिलांची कवळी मीच बसवलेली, त्यामुळे घरची ओळख. "डॉक्टर, दात फार पिवळे दिसायला लागलेत. पॉलिश करून पांढरे करून द्या. पुढच्या महिन्यात मुलगी बघायला जायचंय," एवढीच त्याची मागणी होती. आणखी काही त्रास आहे का, असे विचारल्यावर म्हणाला, "थंड पाणी प्यायलं की सणक जाते. पण ते चालतंय."

तोंड तपासले तेव्हा एकही दात किडलेला नव्हता. हिरड्याही चांगल्या होत्या. पण पुढच्या पटाशीच्या दातांवर एरवी दिसणाऱ्या बारीक रेषा नाहीशा होऊन ते काचेसारखे गुळगुळीत झाले होते. त्यांच्या कडा पातळ होऊन आरपार दिसत होत्या. खालच्या दाढांच्या उंचवट्यांवर वाटीसारखे लहान खड्डे पडले होते. एका दाढेत पूर्वी भरलेली चांदी दाताच्या पातळीच्या वर आल्यासारखी दिसत होती. वास्तविक चांदी वर येत नाही. तिच्या भोवतालचा दात झिजून खाली गेलेला असतो.

मग मी त्याला दिवसभरात काय काय पितोस, ते विचारले. सकाळी उठल्याबरोबर वजन कमी व्हावे म्हणून कोमट पाण्यात लिंबू आणि मध, आणि त्यानंतर लगेच जोरजोरात ब्रश. दुकानात उकडते म्हणून गल्ल्याशेजारी थंड पेयाची अर्ध्या लिटरची बाटली. ती सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत एकेक घोट करून संपायची. रात्री जेवण पचावे म्हणून लिंबू-सोडा. यातली एकही गोष्ट व्यसन म्हणावी अशी नाही. पण सगळ्यांची बेरीज केली तर दिवसातून वीस-पंचवीस वेळा त्याच्या दातांवर आम्लाचा मारा होत होता, आणि हे तीन वर्षे चालू होते.

त्याचे दात डागांमुळे पिवळे दिसत नव्हते. वरचा पांढरा थर झिजल्यामुळे आतला पिवळा थर दिसू लागला होता. अशा दातांना पॉलिश केले किंवा पांढरे करण्याचे औषध लावले असते, तर सणक मात्र वाढली असती.

दातावरचे कवच

दाताचा जो भाग तोंडात दिसतो, त्यावर एनॅमलचे कवच असते. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ आहे. हाडाहूनही तो कठीण असतो. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि ते मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बनलेले असते. दाढांच्या उंचवट्यांवर हे कवच दोन ते अडीच मिलिमीटर जाड असते आणि हिरडीजवळ अगदी पातळ होत जाते. मुलांच्या दुधाच्या दातांवर ते याहून बरेच पातळ असते.

एनॅमलच्या आत डेंटिन नावाचा पिवळसर आणि मऊ थर असतो. त्यात असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. त्यांची तोंडे उघडी पडली की थंड, गरम, गोड, आंबट असे काहीही लागले तरी आतल्या नसेपर्यंत कळ जाते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते. कारण तेथे जिवंत पेशी असतात. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून बाहेर येतानाच संपून जातात. त्यामुळे गेलेले एनॅमल शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. झिजलेल्या दातांच्या उपचाराचा सगळा विचार या एका गोष्टीपासून सुरू होतो.

आम्लाने काय होते?

आपल्याकडे पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा ओटा कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा असतो. त्यावर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला, तर तेथली चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो. तो कितीही घासला तरी जात नाही. कारण तो वरून बसलेला डाग नसतो. आम्लाने तेथला दगडच थोडा विरघळलेला असतो. त्या दगडातही कॅल्शियम असते आणि आपल्या दातांतही असते. दाताचे खनिज वेगळे आणि अधिक टणक आहे, पण आम्लापुढे त्याचीही तीच गत होते.

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात आपण सामू शिकलो आहोत. इंग्रजीत त्यालाच पीएच म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. आकडा जितका लहान, तितके आम्ल तीव्र. दुधाचा सामू सुमारे ६.७ असतो. संत्र्याच्या रसाचा साधारण साडेतीन ते चार, कोला पेयांचा अडीचच्या आसपास, आणि लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच. तोंडातील सामू साधारण साडेपाचाच्या खाली गेला की एनॅमलमधील खनिज सुटू लागते. सामूतील एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. म्हणजे अडीच सामूचे पेय या मर्यादेपेक्षा हजारपट अधिक आम्ल असते. भरपूर साखर घातल्यामुळे जिभेला ते आंबट लागत नाही, इतकेच. शंभर मिलिलिटर कोलामध्ये साधारण दहा ग्रॅम साखर असते.

कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असते, लिंबाच्या व संत्र्याच्या चवीच्या पेयांत सायट्रिक आम्ल असते. "आम्ही बाजारातले काही पीत नाही, घरचे लिंबू सरबत पितो," असे अनेक जण सांगतात. पण दाताला बाजारचे आणि घरचे यांतला फरक कळत नाही. कोकम, चिंच, पन्हे ही सारी आम्लेच आहेत. ती वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ती किती वेळा आणि कोणत्या रीतीने पितो, यावर सगळे अवलंबून आहे.

याला एक चांगला अपवाद आहे, तो म्हणजे ताक आणि दही. त्यांचा सामू चार ते साडेचारच्या आसपास असतो, म्हणजे तीही आंबटच. पण त्यांच्यात कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर असल्यामुळे ती दातातले खनिज फारसे ओढून घेत नाहीत. उन्हाळ्यात दातांच्या दृष्टीने ताकासारखे पेय नाही.

कीड वेगळी, झीज वेगळी

दातांची कीड आणि ही झीज यांत गल्लत होते. कीड लागते तेव्हा तोंडातील जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. ते दातांच्या फटीत, खाचांत, जेथे अन्न अडकते तेथे काम करते. झिजेमध्ये जंतूंचा संबंध नसतो. पेयातील आम्ल थेट दाताला लागते आणि गुळगुळीत, स्वच्छ भागही झिजवते. म्हणूनच नियमित ब्रश करणाऱ्या माणसाचेही दात असे झिजतात. साखर नसलेली 'डाएट' पेये किडीच्या दृष्टीने बरी असली, तरी त्यांत आम्ल तेवढेच असते.

आम्ल नेहमी बाहेरूनच येते असेही नाही. जुने आम्लपित्त, वारंवार घशाशी येणारे आंबट पाणी, गरोदरपणातील दीर्घकाळ चालणाऱ्या उलट्या यांमुळे पोटातील तीव्र आम्ल तोंडात येते. अशा वेळी वरच्या दातांची टाळूकडची बाजू अधिक झिजते. ती आरशात दिसत नाही, त्यामुळे रुग्णाला पत्ताच लागत नाही.

आपल्या भागात आणखी एक गैरसमज आढळतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. तेथे दात घडत असतानाच त्यांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. तो विकार निराळा, त्याचा उपचार निराळा.

लाळ हे निसर्गाचे औषध

आम्ल धुऊन काढणे, त्याचा जोर मोडणे आणि मऊ पडलेल्या पृष्ठभागाला पुन्हा कॅल्शियम-फॉस्फेट पुरवणे ही तिन्ही कामे लाळ करते. एक पेला सरबत पाच मिनिटांत पिऊन टाकले, तर लाळ थोड्या वेळात परिस्थिती सावरते. मऊ झालेला पृष्ठभाग पुढे काही तासांत बऱ्याच अंशी पुन्हा घट्ट होतो. पण तेच पेय दर दहा मिनिटांनी घोट घेत तीन तास पुरवले, तर लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही.

लाळ कमी झाली की धोका वाढतो. रात्री झोपेत ती फार कमी असते. मधुमेहात, तसेच सर्दी-ॲलर्जी व नैराश्यावरच्या काही औषधांमुळे तोंड कोरडे पडते. उन्हात काम करणारे गवंडी, शेतमजूर, ट्रकचालक, मैदानावर सराव करणारी मुले यांचे तोंड तहानेने सुकलेले असते. नेमक्या अशा वेळी थंडगार बाटली तोंडाला लावली जाते. म्हणून तहान लागली असताना आधी साधे पाणी प्यावे, मग हवे तर सरबत घ्यावे. ही सवय लावायला एक पैसाही लागत नाही.

झीज कशी ओळखावी?

सुरुवातीला दुखत नाही, उलट दात अधिक चकचकीत दिसतात. आपण चिंच लावून तांब्या-पितळेची भांडी घासतो, तेव्हा भांडे उजळते ते वरचा थर निघाल्यामुळे. दाताचेही तसेच होते. पुढील खुणा आढळल्यास दंतवैद्याकडे जावे.

१. पुढचे दात गुळगुळीत, गोलसर आणि पिवळसर दिसू लागणे.
२. त्यांच्या कडा आरपार दिसणे किंवा त्यांचे टवके उडणे.
३. दाढांच्या उंचवट्यांवर लहान खड्डे पडणे.
४. पूर्वी भरलेली चांदी किंवा सिमेंट दातापेक्षा वर दिसू लागणे.
५. थंड, गरम, गोड किंवा आंबट लागल्यावर सणक जाणे.

उपचाराच्या पायऱ्या

उपचार म्हणजे लगेच दातांवर टोप्या बसवणे नव्हे. तो पायरीपायरीने करायचा असतो.

पहिली पायरी कारण शोधण्याची. रुग्णाने तीन-चार दिवस, त्यात एक सुट्टीचा दिवस धरून, तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ आणि त्याची वेळ एका वहीत लिहावी. चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आंबट चॉकलेटे, औषधेसुद्धा लिहावीत. बहुतेक वेळा दोष त्या वहीतच सापडतो. आम्लपित्ताची शंका असेल तर फिजिशियनचा सल्ला घ्यावा. झोपेत दात खाण्याची सवय आहे का, हेही पाहावे लागते, कारण मऊ पडलेला दात घर्षणाने दुपटीने झिजतो.

दुसरी पायरी झीज थांबवण्याची. हा उपचार रुग्णाच्याच हातात असतो. तो झाला नाही तर पुढचे सर्व उपचार पाण्यात जातात. दंतवैद्य दातांचे फोटो किंवा साचे घेऊन ठेवतात आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा ताडून पाहतात. झीज थांबली आहे असे दिसले आणि त्रास नसेल, तर पुष्कळ रुग्णांना पुढे काहीच करावे लागत नाही.

तिसरी पायरी उरलेले कवच बळकट करण्याची. त्यासाठी रोज दोन वेळा फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक अशा पेस्टमध्ये सुमारे १००० पीपीएम फ्लोराइड असते. ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकावी, पण खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहते. स्टॅनस फ्लोराइड असलेली पेस्ट आम्लाच्या झिजेत अधिक उपयोगी ठरते. दवाखान्यात वर्षातून दोन किंवा अधिक वेळा दातांवर फ्लोराइडचे वार्निश लावता येते. दुधातील केसिन या प्रथिनापासून बनवलेली, कॅल्शियम-फॉस्फेट पुरवणारी क्रीमही मिळते. तिचा उपयोग पूरक म्हणून होतो. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती वापरू नये.

येथे जाहिरातींबद्दल सावध राहावे. 'एनॅमल परत आणणारी' म्हणून अनेक उत्पादने विकली जातात. मऊ पडलेला थर पुन्हा घट्ट करणे त्यांतील काहींना जमते. झिजून गेलेला थर परत आणणे कोणत्याही पेस्टला जमत नाही.

चौथी पायरी सणक कमी करण्याची. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्ट त्यासाठी मिळतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवस वापरून "गुण येत नाही" म्हणून सोडून देऊ नये. अधिक त्रास असेल तर उघड्या पडलेल्या डेंटिनवर दवाखान्यात औषधाचा थर लावतात.

पाचवी पायरी गेलेला भाग भरून काढण्याची. पूर्वी यासाठी दात कोरून टोपी बसवावी लागे. आज दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरता येते आणि त्यासाठी निरोगी दात फारसा कोरावा लागत नाही. हे शक्य झाले ते १९५५ साली अमेरिकेतील दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी केलेल्या प्रयोगामुळे. दातावर थोडा वेळ फॉस्फोरिक आम्ल लावले की एनॅमल सूक्ष्म खरखरीत होते आणि त्यावर भरण पक्के चिकटते, असे त्यांना आढळले. दवाखान्यात आजही आम्ही फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावतो आणि लगेच पाण्याने धुऊन टाकतो. कोलामध्ये तेच आम्ल फार कमी प्रमाणात असते. पण तेथे ते धुऊन टाकायला कोणी नसते, आणि त्यावर भरणही बसत नाही.

कॉम्पोझिट कायमचे नसते. काही वर्षांनी त्याची डागडुजी करावी लागते, हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे. पुढचे दात आखूड झाले असतील तर त्यांची उंची भरणाने वाढवतात. तेव्हा सुरुवातीला दाढा एकमेकींना टेकत नाहीत. नॉर्वेतील डाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ही पद्धत मांडली. काही महिन्यांत दाढा आपोआप पुन्हा टेकू लागतात. तोवर जेवताना अडचण वाटते, पण घाबरण्याचे कारण नसते.

अगदी उशीर झाला असेल, दात नसेपर्यंत झिजला असेल, तर रूट कॅनाल आणि त्यावर टोपी हाच मार्ग उरतो. तो खर्चिक आणि वेळखाऊ असतो. खर्चाची अडचण असणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयातील दंतविभागात चौकशी करावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथेही उपचार मिळतात.

पिण्याची रीत

सरबत वर्ज्य करा असे सांगून कोणी ऐकत नाही, आणि तशी गरजही नाही. पुढील नियम पाळले तरी पुष्कळ झाले.

आंबट पेय जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यावे, मधल्या वेळेत घोट घोट घेऊ नये. घेतले की संपवावे. तोंडात घोळवू नये, चुळीसारखे खेळवू नये. स्ट्रॉ वापरल्यास तिचे टोक पुढच्या दातांच्या मागे, जिभेवर यावे. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. त्यानंतर घोटभर दूध किंवा ताक घेतले तर उत्तमच. रात्री झोपण्यापूर्वी पाण्याशिवाय काही पिऊ नये. लहान मुलांना दुधाच्या बाटलीतून सरबत किंवा फळांचा रस कधीही देऊ नये.

आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. त्या वेळी दाताचा पृष्ठभाग मऊ असतो आणि ब्रशने तो खरवडून निघतो. किमान अर्धा तास थांबावे. उलटीनंतर पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भरावी आणि थुंकावी. त्याने आम्लाचा जोर मोडतो.

ब्रश मऊ असावा आणि हात हलका. राखुंडी, विटेची पूड, मीठ, कोळशाची भुकटी यांनी दात घासणे सोडावे. मशेरीने तर झिजेबरोबर तंबाखूच्या कर्करोगाचाही धोका पत्करला जातो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लिंबू आणि सोडा चोळल्याने दात पांढरे होतात, हे खरे आहे का?
चार दिवस तसे वाटते. आम्ल थर मऊ करते आणि चोळण्याने तो निघून जातो. पुढे आतला पिवळा थर दिसू लागला की दात पूर्वीपेक्षा पिवळे दिसतात. हा उपाय करू नये.

सकाळी लिंबू-मध पाणी घेणे बंद करावे का?
आधी ब्रश करावा, मग हे पाणी घ्यावे, एका दमात प्यावे आणि साध्या पाण्याने चूळ भरावी. पाणी फार गरम नसावे, कारण उष्णतेने आम्लाचे काम वेगाने होते. सणक जात असेल तर बंदच करावे.

कोलामध्ये दात टाकला तर तो रात्रीतून विरघळतो, असे मुले सांगतात.
रात्रीतून दात नाहीसा होत नाही. त्याचा पृष्ठभाग मात्र मऊ आणि खडबडीत होतो. शिवाय तोंडात लाळ असते, बाटलीत नसते. तेव्हा भीती घालण्यासाठी ही गोष्ट सांगू नये, आणि ती खोटी म्हणून निर्धास्तही राहू नये.

लिंबू, आवळा, संत्री खाणे सोडावे का?
मुळीच नाही. त्यांची शरीराला गरज आहे. वरणभातावर पिळलेल्या लिंबाने दात झिजत नाहीत. जुलाब होत असताना जलसंजीवनी घेण्यातही कुचराई करू नये.

लहान मुलांना फ्लोराइडची पेस्ट चालते का?
चालते. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी द्यावी. ब्रश मोठ्यांच्या देखरेखीखाली करावा आणि पेस्ट गिळू देऊ नये.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवतो. दात पांढरे करून द्यायला मी नकार दिला तेव्हा तो नाराज झाला. "निदान पुढचे तरी करा," म्हणाला. मी त्याला आधी वही लिहायला लावली. चार दिवसांनी ती घेऊन आला, तेव्हा स्वतःच म्हणाला, "डॉक्टर, मला वाटलं होतं मी दिवसाला एकच बाटली पितो. पण घोट मोजले तर तेवीस झाले." बाटलीच्या जागी पाण्याची बाटली आली. लिंबूपाणी ब्रशनंतर घ्यायचे ठरले. रात्रीचा लिंबू-सोडा सुटायला थोडे दिवस लागले. फ्लोराइडचे वार्निश लावले, पेस्ट बदलली. पाच-सहा आठवड्यांत सणक बरीच कमी झाली. मग पुढच्या चार दातांच्या कडांवर कॉम्पोझिट भरून दिले. बाकीचे दात थोडे पिवळसर आहेत आणि तसेच राहणार आहेत. त्याने ते मान्य केले आहे. सहा महिन्यांनी फोटो ताडून पाहिले, तेव्हा झीज पुढे गेलेली नव्हती. माझ्या दृष्टीने त्याचा खरा उपचार हाच झाला.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती म्हातारपणासाठी होती. चोविसाव्या वर्षी ती आठवायची वेळ येऊ नये. आज रात्री आरशासमोर उभे राहून आपले पुढचे दात एकदा नीट पाहावेत आणि उद्या दिवसभरातले आंबट घोट मोजावेत.